इंटरनेटची खतावणी

जुन्या काळच्या कोणत्याही पेढीवर दोन चोपड्या हमखास असत : एक कीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जो व्यवहार होई तो ज्या क्रमाने घडे त्याच क्रमाने कीर्दीत उतरे. अमक्याने नेलेला गूळ, त्याखाली तमक्याने भरलेले दहा रुपये, त्याखाली गाडीचे भाडे. संध्याकाळी दिवाणजी ती कीर्द पुढ्यात घेऊन प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडीत, ती खतावणी. कीर्दीत काहीही गाळलेले नसते. तरीही "अमक्याकडे आपले येणे किती?" असे शेठजींनी विचारले तर ती जवळजवळ मुकी असते, कारण उत्तरासाठी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारी चोपडी चाळावी लागते. खतावणी तेच उत्तर एका पानावर देते. तिच्यात नवी माहिती एका अक्षराचीही नसते. असते ती केवळ मांडणी.

आज आमचे विद्यार्थी मोबाइलच्या पडद्यावर दोन शब्द टंकतात आणि क्षणार्धात उत्तरांची रांग उभी राहते. हे उत्तर इंटरनेटने दिले, असे ते म्हणतात. वास्तविक ते इंटरनेटच्या खतावणीने दिलेले असते. इंटरनेट ही कीर्द आहे, आणि तीही अशी की, जगातील कोणीही, कोठूनही, कोणास न विचारता तिच्यात नोंद करावी. आरंभी ह्या कीर्दीला खतावणीच नव्हती. ती कोणी व कोणत्या अडचणीपोटी मांडली, आणि तिच्यात आपल्या भाषेचे खाते एवढ्या उशिरा का उघडले गेले, हे सांगण्याचा ह्या लेखात आमचा मानस आहे.

खतावणी नव्हती तो काळ प्रथम पाहू. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पुरविलेल्या पैशातून १९६९ साली चार ठिकाणचे संगणक एकमेकांस जोडले गेले व आर्पानेट नावाचे जाळे जन्मास आले. पुढे आणखी जाळी निघाली, ती परस्परांस जोडली गेली, आणि १९९० च्या सुमारास इंटरनेट हे अनेक विद्यापीठांच्या व संशोधनसंस्थांच्या नित्य वापरातले साधन झाले. परंतु त्यावर आजच्यासारखी चित्रमय पाने नव्हती. होत्या त्या फाइली : आज्ञावल्या, संशोधनलेख, आकडेवारीचे तक्ते. एखादे विद्यापीठ आपल्या संगणकाचा एक कोपरा सर्वांस खुला ठेवी; कोणीही दुरून तेथे 'अनामिक' ह्या नावाने प्रवेश करावा आणि हवी ती फाइल उतरवून घ्यावी, अशी उदार चाल होती. अडचण एवढीच की, ती फाइल कोठे आहे हे आधी ठाऊक असावे लागे. संगणकाचे नाव ठाऊक हवे, त्यातील कप्पा ठाऊक हवा आणि फाइलीचे नावही ठाऊक हवे. ती नावे तर बहुधा इतकी आखूड व चमत्कारिक असत की, त्यांवरून आतील मजकुराचा तर्क करणे म्हणजे कोडे सोडविणेच. जाणते लोक आपापल्यापुरते पत्ते टिपून ठेवीत आणि एकमेकांस कळवीत. दाराला कुलूप नाही, पण घराचा पत्ताही नाही, अशी ती स्थिती होती.

कॅनडातील माँट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठ आहे. तेथे बार्बाडोस बेटातून शिकण्यास आलेला अ‍ॅलन एम्टेज नावाचा एक विद्यार्थी संगणकविभागात काम करीत असे. निरनिराळ्या लोकांना हव्या असलेल्या आज्ञावल्या शोधून देणे हे त्याच्या कामापैकी एक. तेच ते शोध पुनःपुन्हा घेण्याचा कंटाळा येऊन त्याने एक युक्ती केली. जगातील ह्या खुल्या भांडारांकडे ठरावीक काळाने जाऊन प्रत्येकाकडील फाइलींची यादी आपोआप उतरवून आणील, अशी आज्ञावली त्याने लिहिली. त्या साऱ्या याद्या एकत्र ठेवल्या आणि त्यांत नावावरून शोध घेण्याची सोय केली. बिल हीलन व पीटर डॉइच ह्या सहकाऱ्यांच्या मदतीने १९९० साली हे साधन सर्वांस खुले झाले. त्याचे नाव आर्ची. 'आर्काइव्ह', म्हणजे दप्तरखाना, ह्या इंग्रजी शब्दातील 'व्ह' काढून टाकून ते बनविले होते. इंटरनेटवरील पहिले शोधयंत्र म्हणून आज त्याचाच उल्लेख होतो. आळस हा विद्यार्थ्याचा शत्रू खरा. पण एकच काम दहा वेळा करण्याचा कंटाळा हा आळसाचा एक निराळा, कुलीन प्रकार असून त्याच्यावर जगाचे उपकार आहेत, असे आमचे मत आहे.

आर्चीची मर्यादा समजण्यासाठी तुकोबांच्या गाथेची छापील प्रत हाती घ्यावी. अनेक प्रतींच्या अखेरीस अभंगांची अकारविल्हे सूची असते; परंतु ती असते पहिल्या चरणाची. अभंगाचा आरंभ आठवत असेल तर पान सापडलेच. मधलीच एखादी ओळ आठवत असेल तर मात्र ती सूची हात टेकते. आर्चीचेही तसेच होते. फाइलीचे नाव त्याच्या खात्यावर असे, आतील मजकूर नसे. ज्याला नाव ठाऊक होते त्यालाच तो पत्ता सांगू शके.

१९९१ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात गोफर नावाची पद्धती निघाली. गोफर हा जमिनीत बिळे खणणारा एक लहान प्राणी. त्या विद्यापीठाच्या खेळाडूंचे ते बोधचिन्ह आहे. ह्या पद्धतीत माहिती यादीच्या रूपाने समोर येई. यादीतील एक ओळ निवडावी, तिच्या पोटातील यादी उघडावी, आणि असे खाली खाली उतरत जावे. लवकरच अशा याद्या इतक्या झाल्या की, याद्यांचीच यादी करण्याची वेळ आली. १९९२ साली नेवाडा विद्यापीठात ते काम करणारे साधन तयार झाले व त्याला व्हेरोनिका हे नाव मिळाले. आर्ची हे नाव मुळात अमेरिकन चित्रकथेतील आर्चीवरून घेतलेले नव्हते. पण त्याच्या मागून येणाऱ्यांनी ते तसे मानून घेतले व त्याच चित्रकथेतील व्हेरोनिका आणि जगहेड ह्यांचे बारसे इंटरनेटवर केले. गोफरचे आयुष्य थोडे ठरले. १९९३ साली मिनेसोटा विद्यापीठाने त्याच्या वापराबद्दल काहींकडून शुल्क घेण्याचे जाहीर केले, आणि लोक दुसरीकडे पाहू लागले.

ते दुसरीकडे म्हणजे स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या अणुसंशोधनसंस्थेकडे. तेथे टिम बर्नर्स-ली ह्यांनी मार्च १९८९ मध्ये आपल्या वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवले होते. त्याचा विषय मोठा घरगुती होता. संस्थेत माणसे येतात, दोनएक वर्षे राहतात आणि निघून जातात; त्यांच्याबरोबर कोणते यंत्र कोणी बसविले, कोणता कागद कोठे आहे, ही माहितीही निघून जाते; तर ती टिकावी कशी? त्यांनी सुचविलेला उपाय असा की, प्रत्येक कागद संगणकावर असावा आणि त्यातील शब्दातूनच दुसऱ्या कागदाकडे जाणारा दुवा असावा. ह्यातूनच वर्ल्ड वाइड वेब, म्हणजे आज आपण ज्याला सरसहा इंटरनेट म्हणतो ते पानांचे जाळे, निर्माण झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सर्वांच्या विनामूल्य वापरासाठी खुले केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रंथालयात पुस्तक आले की ते प्रथम नोंदवहीत चढते, त्याला क्रमांक मिळतो, आणि मगच ते कपाटात जाते. नोंदीवाचून पुस्तक आत जाऊ शकत नाही. वेबमध्ये असा दरवाजाच ठेवलेला नव्हता. ज्याच्याजवळ जोडलेला संगणक असे त्याने पान मांडावे. कोणाची परवानगी नाही, कोणाकडे नोंद नाही. वेब इतके झपाट्याने वाढले ते ह्यामुळेच, आणि त्यात काय आहे हे कोणालाच सांगता येईना तेही ह्यामुळेच. आरंभी सर्नमध्ये नव्या संगणकांची हाताने लिहिलेली यादी ठेवली जाई. १९९३ साली मोझाइक हे चित्रे दाखविणारे साधन प्रसिद्ध झाले, आणि ते तयार करणाऱ्या संस्थेने 'नवीन काय' अशी यादी चालविली. काही काळ ती वाचून जगातील नव्या पानांचा मागोवा एका माणसाला घेता येई.

तो काळ किती अल्प होता हे आकड्यांवरून दिसेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेतील मॅथ्यू ग्रे ह्या विद्यार्थ्याने वेबची वाढ मोजण्यासाठी एक फिरती आज्ञावली लिहिली. ती एका पानावर जाई, तेथील दुवे टिपून घेई, त्या दुव्यांवरून पुढच्या पानांवर जाई, आणि असे फिरतच राही. तिच्या गणतीप्रमाणे जून १९९३ मध्ये संकेतस्थळे होती १३०. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती ६२३ झाली, जून १९९४ मध्ये २,७३८, आणि डिसेंबर १९९४ मध्ये १०,०२२. दीड वर्षात ७७ पट! आमच्या वाचनालयात दीड वर्षात पुस्तके ७७ पट झाली तर ग्रंथपालबाई काय करतील, ह्याची कल्पना विद्यार्थ्यांनीच करावी.

ह्या फिरत्या आज्ञावलीला पुढे 'रोबो', 'कोळी' अशी नावे पडली. त्या पाहुण्यांचा उपद्रवही झाला. एकेक पान पुनःपुन्हा मागून ते लहान संगणकांस थकवून टाकीत. म्हणून मार्टिन कोस्टर ह्यांनी १९९४ साली एक सभ्य तोडगा सुचविला. प्रत्येक संकेतस्थळाने आपल्या दारावर एक लहानशी सूचना लावावी : रोबोंनी ह्या दालनात यावे, त्या दालनात येऊ नये. ती पाळण्याची सक्ती नव्हती. तरी मोठ्या शोधयंत्रांनी ती पाळली, आणि तिला अधिकृत मानकाचे रूप मिळण्यास २०२२ साल उजाडले. ह्याच कोस्टर ह्यांनी १९९३ साली आणखी एक योजना काढली होती. तिच्यात प्रत्येकाने आपल्या पानांचे वर्णन स्वतः लिहून पाठवावयाचे होते. ते फार थोड्यांनी पाठविले. पालकांकडून वेळेवर भरलेले अर्ज मागविण्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांस ह्याचे आश्चर्य वाटणार नाही.

डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर ह्यांनी जम्पस्टेशन सुरू केले. पाने स्वतः हिंडून गोळा करणे, त्यांची सूची करणे आणि विचारणाऱ्यास त्या सूचीतून उत्तर देणे, ही तिन्ही कामे तेथे प्रथम एकत्र आली. परंतु त्याची नोंद पानाच्या शीर्षकापुरती व मथळ्यांपुरती होती; गाथेचा तोच पहिला चरण. मधल्या ओळीपर्यंत पोहोचला तो २० एप्रिल १९९४ रोजी वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन पिंकर्टन ह्यांनी खुला केलेला वेबक्रॉलर. चार हजारांवर संकेतस्थळांवरील मजकुरातील प्रत्येक शब्द त्याने खात्यावर चढविला होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच्याकडे दहा लाखावा प्रश्न आला.

प्रत्येक शब्द खात्यावर चढविणे म्हणजे काय, हे थोडे सविस्तर पाहणे योग्य होईल, कारण साऱ्या शोधयंत्रांचे मर्म ह्यातच आहे. समजा, जगात तीनच पाने आहेत. पहिल्यावर लिहिले आहे 'मांडवी नदीवर पूल', दुसऱ्यावर 'जुवारी नदीतील मासे', तिसऱ्यावर 'मांडवी नदीतील मासे'. ही झाली कीर्द. आता प्रत्येक शब्दाचे एक खाते उघडू. 'मांडवी' ह्या खात्यावर पाने १ व ३. 'मासे' ह्या खात्यावर पाने २ व ३. 'पूल' ह्या खात्यावर पान १. खाती अकारविल्हे लावून ठेवली की खतावणी तयार झाली. कोणी 'मांडवी मासे' असे विचारले तर यंत्र पाने वाचीत बसत नाही. दोन खाती उघडून दोन्हींत समान असलेला आकडा पाहते, तो ३, आणि ते पान पुढे करते. पाने तीन असोत की तीन कोटी, कृती तीच. सारा वेळ व सारे श्रम प्रश्न येण्याच्या आधी खर्ची पडलेले असतात. 'नदीवर' आणि 'नदीतील' ह्या शब्दांची खाती मात्र आम्ही मुद्दामच उघडली नाहीत. तेथे एक खोच आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

ह्याच सुमारास अगदी उलट वाटेने जाणारेही होते. १९९४ च्या आरंभी स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरी यांग व डेव्हिड फिलो हे संशोधक विद्यार्थी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची यादी ठेवू लागले. ती लांबली म्हणून त्यांनी तिचे विभाग पाडले, विभागांचे पोटविभाग पाडले. हीच याहू. मार्च १९९५ मध्ये तिची रीतसर कंपनी झाली आणि पाने वाचून ती योग्य विभागात लावण्यासाठी माणसे नेमली गेली. त्या कामाची धुरा श्रीनिजा श्रीनिवासन ह्या भारतीय वंशाच्या तरुणीकडे होती. यंत्राला शब्द दिसतो, अर्थ दिसत नाही. माणूस पान वाचून हे आरोग्याचे, हे व्यापाराचे, हे निव्वळ टाकाऊ, असे सांगू शकतो. ज्याला नेमका शब्द ठाऊक नाही, नुसता विषय ठाऊक आहे, त्याला याहूच्या याद्यांचा फार आधार होता.

पण विभाग पाडणे दिसते तितके सोपे नसते. काजूविषयीचे एक पान घ्या. ते शेतीत घालावे, व्यापारात, वनस्पतिशास्त्रात, की पाकशास्त्रात? गोव्यात तर फेणीचाही एक कप्पा उघडावा लागेल. याहूने एका विभागातील नोंद दुसऱ्यातूनही दिसावी अशी खूण योजिली होती. तथापि मूळ झाड एकच, त्याच्या फांद्या ठरलेल्या.

हा पेच आपल्या देशातील एका गणितशिक्षकाने साठ वर्षे आधी ओळखला होता, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे. शियाळी रामामृत रंगनाथन हे १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले. तेथील एका मोठ्या दुकानात मुलांचे मेकॅनो हे खेळणे त्यांच्या पाहण्यात आले. थोड्याशा पट्ट्या, चाके व मळसूत्रे घेऊन त्यांतून हवे ते जोडावे. त्यांना वाटले, विषयही असेच जोडता आले पाहिजेत. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकाला एक ठरलेला कप्पा नसतो. मुख्य वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ अशा निरनिराळ्या बाजूंनी त्याचे वर्णन करून तेच तुकडे जोडून त्याचा क्रमांक बनतो. काजूचे पान मग एका फांदीवर अडकत नाही. पीक कोणते, त्याचे काय केले, कोठे, केव्हा, ह्यांपैकी कोणत्याही बाजूने ते गाठता येते. आज इंटरनेटवरील दुकानात आपण रंग, माप, किंमत असे वेगवेगळे निकष लावून कापड निवडतो, ती ह्याच जातीची कल्पना आहे. रंगनाथन १९७२ साली वारले. वेब त्यांनी पाहिले नाही.

याहूची खरी अडचण मात्र फांद्यांची नव्हती, हातांची होती. पाने यंत्राच्या वेगाने वाढत होती आणि वाचणारी माणसे माणसाच्या वेगाने वाचीत होती. १९९८ पासून हजारो स्वयंसेवकांनी मिळून एक खुली विषयसूचीही चालविली. ती २०१७ साली बंद झाली. याहूची विषयसूची त्याआधी, २०१४ च्या अखेरीस, मिटली होती.

यंत्रांचा पक्ष जिंकला खरा. पण त्यांच्यापुढे वेगळेच संकट उभे राहिले. १५ डिसेंबर १९९५ रोजी सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टाच्या खतावणीत आरंभीच सुमारे १ कोटी ६० लाख पाने होती. एका शब्दाच्या खात्यावर आता हजारो पाने निघू लागली. कोणते आधी दाखवावे? जो शब्द पानात अधिक वेळा आला ते पान त्या विषयाचे, असे ठरवावे, तर लबाड लोक एकच शब्द शेकडो वेळा लिहीत, आणि तोही पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे माणसाला दिसू नये व यंत्राला दिसावा. खतावणी ज्यावर विश्वास ठेवते तेच खोटे करण्याची ही रीत. स्टॅनफर्डमधीलच लॅरी पेज व सर्गेई ब्रिन ह्यांनी ह्यावर शोधलेला उपाय व्यापाऱ्याला चटकन समजेल. गिऱ्हाईक स्वतःविषयी काय सांगते ते पाहू नये, बाजारात त्याची पत काय आहे ते पाहावे. एखाद्या पानाकडे किती इतर पानांनी दुवे दिले आहेत ते मोजावे. आणि दुवा देणाऱ्याची स्वतःची पत जितकी मोठी, तितके त्याच्या साक्षीला वजन द्यावे. ह्या हिशेबावर १९९८ साली गूगलची कंपनी उभी राहिली. अल्टाव्हिस्टा २०१३ साली बंद पडले. लबाडी अर्थातच थांबली नाही. आता शब्दांऐवजी साक्षीदार खोटे उभे करण्यात येऊ लागले.

आता आपल्या भाषेकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी पानेही निघू लागली. ती पडद्यावर मराठी दिसत. परंतु खतावणी करणाऱ्या यंत्राला ती मराठी नव्हती. त्याचे कारण असे. संगणक अक्षर ओळखीत नाही, आकडा ओळखतो. त्या काळी देवनागरीसाठी जो तो आपापला टंक करी, आणि रोमन अक्षरांचे आकडेच वापरून त्यांवर देवनागरी आकार चढवी. संगणकाच्या लेखी ते 'क' नव्हतेच. ते एक रोमन अक्षर होते, त्याच्या अंगावर 'क'चा अंगरखा होता. एका टंकात तो अंगरखा एका अक्षरावर, तर दुसऱ्या टंकात दुसऱ्याच अक्षरावर. ज्या वाचकाजवळ नेमका तोच टंक असे त्याला 'पणजी' दिसे. यंत्राच्या खात्यावर मात्र काही निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे पडत. लेख छापला गेला, पण खतावला गेला नाही. त्या वर्षांत कोणीतरी मन लावून लिहिलेला मराठी मजकूर ह्याच कारणाने कोणास सापडला नाही. मागून टंकही नाहीसे झाले तेव्हा तो वाचताही येईना.

ह्यावरचा इलाज कागदोपत्री आधीपासून होता. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा आकडा द्यावयाचा, अशी युनिकोड नावाची योजना १९९१ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या पहिल्या आवृत्तीपासूनच तिच्यात देवनागरी आहे. तिच्यात 'क'चा आकडा २३२५. टंक कोणताही असो, तो बदलत नाही. परंतु घरोघरच्या संगणकांत ती सोय येण्यास २००० सालची विंडोजची आवृत्ती यावी लागली, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे अनेक वृत्तपत्रे व कार्यालये आपले जुने टंक सोडीनात. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्ये. आपल्या भाषेचे खाते खऱ्या अर्थाने उघडले ते ह्या काळात.

आता मघाची खोच. 'नदीवर', 'नदीतील', 'नदीचा', 'नद्यांना' हे आपल्याला एकाच शब्दाचे वेश वाटतात. यंत्राने प्रत्येकाचे निराळे खाते उघडले तर 'नदी' विचारणाऱ्याला ह्यांपैकी एकही मिळणार नाही. इंग्रजीत विभक्तीचे काम सुटे शब्द करतात, म्हणून तेथे हा त्रास थोडा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, आणि चिकटण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूपही करतो : पाऊस, पण पावसात, पाणी, पण पाण्याला, भाऊ, पण भावाचा. शाळेत ज्या सामान्यरूपाच्या प्रकरणावर विद्यार्थी नाके मुरडतात, ते यंत्रास शिकविल्याशिवाय मराठीची खतावणी नीट होत नाही. शुद्धलेखनाचेही तेच. 'कांहीं' व 'काही', 'अन्त' व 'अंत' : एकच शब्द, दोन खाती. जुनी पुस्तके शोधताना हे पदोपदी आडवे येते. आमच्या घरची भाषा कोंकणी, तिची आणखी वेगळी तऱ्हा. लिपी तीच, आकडेही तेच. तेव्हा 'आनी' हा शब्द शुद्ध कोंकणी आहे की कोणी 'आणि' चुकीचे लिहिले आहे, हे यंत्राला त्या एका शब्दावरून कळू शकत नाही, आजूबाजूचे शब्द पाहूनच ताडावे लागते. गावांची नावे घ्या. पणजी, पणजें, पंजिम. म्हापसा, म्हापशें, मापुसा. पोर्तुगीज दप्तरांतील लेखन आणखी निराळे. चांगला सूचीकार अशा वेळी एक रिकामे खाते उघडून त्यावर केवळ 'पंजिम : पणजी पाहा' एवढेच लिहितो. त्या एका ओळीसाठी दोन्ही नावे ठाऊक असलेला माणूस लागतो.

ह्याचा प्रत्यय आम्हांस इंटरनेटवर नव्हे, शाळेच्याच कपाटात आला. गेल्या दिवाळीच्या सुटीत नववीच्या काही विद्यार्थ्यांनी आपल्या वार्षिकाच्या जुन्या अंकांची सूची करण्यास घेतली. त्यांपैकी बऱ्याच अंकांची छायाचित्रे आधीच संगणकावर ठेवलेली आहेत. पण छायाचित्र म्हणजे यंत्राच्या लेखी नुसता डाग, त्यातील शब्द कोणीतरी अक्षररूपात उतरविल्यावाचून खात्यावर चढत नाहीत. मुलांनी लेखकाच्या नावाची, शीर्षकाची व विषयाची अशी तीन तीन कार्डे केली. पहिल्याच दिवशी वाद निघाला. विहिरींच्या पाण्यावरील एक लेख भूगोलात घालावा की आरोग्यात? दोन्हींत घालावा, असे ठरले. मग एक कविता आली, तिला शीर्षकच नाही. तिची पहिली ओळ शीर्षक मानली. लग्नापूर्वी एका नावाने व शिक्षिका झाल्यावर दुसऱ्या नावाने लिहिणाऱ्या एक बाई निघाल्या. त्या दोघी एकच हे एका मुलीच्या आजीने सांगितले, म्हणून कळले. तेथे 'पाहा' असे कार्ड घातले आहे. 'एक विद्यार्थिनी' एवढ्याच सहीचे काही लेख राहिले असून त्यांची कार्डे वाचनालयातील खिडकीजवळच्या पेटीत वेगळी ठेवली आहेत. ज्यांच्या घरी कोणी ह्या शाळेत शिकलेले असेल त्यांनी ती पेटी एकदा पाहून जावी. लेखिकेचे नाव ओळखू आल्यास ते पेन्सिलीने कार्डावर लिहावे, शाईने लिहू नये.